पक्ष मावळतो, तेव्हा त्याचा विचार कुठे जातो?

1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या 489 जागांपैकी हिंदू महासभेच्या वाट्याला 4 आल्या. देशभरातल्या मतांत तिचा वाटा शेकडा एकापर्यंतही पोचला नाही. त्या चारांतल्या गुणा आणि ग्वाल्हेर या दोन जागा एकट्या विष्णु घनश्याम देशपांडे यांनी जिंकल्या होत्या. तिसरी बंगालातल्या हुगळीची, निर्मलचंद्र चटर्जी यांची. चौथी उत्तर प्रदेशातल्या गोंड्याची, शकुंतला नायर यांची. महाराष्ट्रातली एकही नाही. ज्या पक्षाचे तत्त्वज्ञ सावरकर भगूरचे, ज्याच्या लष्करी शिक्षणाच्या स्वप्नाची शाळा नाशिकात, ज्याची वृत्तपत्रे पुण्यात छापली जात, त्या पक्षाला मराठी मुलखाने एकसुद्धा खासदार दिला नाही.

हे आकडे सांगून आपल्याकडे एक निष्कर्ष फार लवकर काढला जातो: लोकांनी तो विचार नाकारला. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो, आणि घातकही. उजव्या टोकाचा लहान पक्ष दोन तऱ्हांनी संपतो. ज्या माणसांच्या जिवावर त्याला वाढायचे असते, त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न दुसऱ्या कुणी हाती घेतला, तर त्या पक्षाला तिथे पाय रोवायला जागाच राहत नाही. हा खरा पराभव. दुसऱ्या तऱ्हेत एखादा मोठा, शहाणा, दम असलेला पक्ष त्याचा विचार उचलतो आणि लहान पक्षाचे काम संपते. त्याला पराभव म्हणता येत नाही. ती बदली आहे. या दोन मरणांत आपण गल्लत करतो. ती गल्लत कशी होते हे नीट पाहायचे असेल, तर पुण्या-मुंबईच्या संपादकीयांपेक्षा डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास जास्त उपयोगाचा आहे. तिथे या दोन्ही गोष्टी घडल्या, आणि एकीमागून एक घडल्या.

महासभेचा चढ आधी पाहू. 1915 मध्ये हरिद्वारला सुरू झालेली ही संघटना पहिली वीस वर्षे काँग्रेसमधल्याच एका गटासारखी वावरली. मालवीय आणि लजपतराय दोन्हीकडे होते. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे पुढे आल्यावर तिचा सूर बदलला. मुंजे 1931 च्या मार्चमध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले, तिथल्या तरुणांच्या लष्करी संघटना पाहून भारावले आणि 1937 मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभे केले. त्याच साली रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतून सुटलेले सावरकर अध्यक्ष झाले. डिसेंबर 1937 च्या अहमदाबाद अधिवेशनात त्यांनी हिंदुस्थानात हिंदू आणि मुसलमान अशी दोन राष्ट्रे असल्याचे मांडले. 1939 चा हैदराबादच्या निजामाविरुद्धचा भागानगरचा निःशस्त्र प्रतिकार हे महासभेचे सर्वांत मोठे लोकआंदोलन. त्यात मराठी तरुण शेकड्यांनी तुरुंगात गेले. निजामी राजवटीतला अन्याय खरा होता आणि त्या तरुणांचा त्यागही खरा होता, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

उतार मात्र तिथूनच सुरू होतो. 1942 च्या ‘चले जाव’ चळवळीत खेडोपाडी लोक रस्त्यावर आले तेव्हा महासभा बाजूला उभी राहिली. 1943 च्या मार्चमध्ये सिंधच्या विधिमंडळाने पाकिस्तानच्या बाजूने ठराव केला. महासभेच्या मंत्र्यांनी विरोध नोंदवला, पण मुस्लिम लीगच्या मंत्रिमंडळातून ते बाहेर पडले नाहीत. 1945-46 च्या मध्यवर्ती विधिमंडळाच्या निवडणुकीत पक्षाला एकही जागा मिळाली नाही. आणि मग 30 जानेवारी 1948, गांधीहत्या. मारेकरी पुण्याच्या ‘हिंदुराष्ट्र’ या पत्राचा संपादक होता आणि महासभेच्या वर्तुळात वाढलेला होता. मारेकरी ब्राह्मण म्हणून महाराष्ट्रात त्यानंतर ब्राह्मणांची घरे जळली. निरपराध कुटुंबे होरपळली, आणि तो डाग या राज्याने अजून मोकळेपणाने पाहिलेला नाही. सावरकर खटल्यातून निर्दोष सुटले. पक्ष मात्र लोकांच्या मनातून उतरला.

पण मला असे वाटते की 1948 ने महासभेला मारले, असे म्हणणेसुद्धा अर्धेच खरे आहे. ती आधीच आजारी होती आणि तिचा आजार जमिनीत होता. सावरकरांनी रत्नागिरीत सहभोजने घडवली, 1931 मध्ये सर्व हिंदूंना खुले असे पतितपावन मंदिर भागोजीशेठ कीरांच्या पैशातून उभे केले. जातीबद्दल त्यांच्यापाशी निदान एक भूमिका होती. जमिनीबद्दल महासभेपाशी भूमिका नव्हती. कुळाचे काय, वेठीचे काय, सावकाराच्या वहीचे काय, या प्रश्नांवर ती गप्प होती. तिच्या 1952 च्या जागांतल्या दोन पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या असाव्यात हा योगायोग नाही. संस्थानिक आणि जहागीरदार यांचा आश्रय होता तिथे ती तरली. तिच्याच जातकुळीच्या रामराज्य परिषदेचेही राजस्थानात तसेच झाले. हिंदू स्त्रीला वारसाहक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलाला या पक्षांनी जिवाच्या आकांताने विरोध केला. राष्ट्र म्हणजे रक्त आणि पुण्यभू, इतके सांगून झाल्यावर त्या राष्ट्रातल्या भुकेल्या माणसाला सांगण्यासारखे त्यांच्याजवळ काही उरत नसे.

आता डहाणूकडे येऊ. 1940 च्या दशकात आजचा तलासरी तालुका उंबरगाव तालुक्याचा भाग होता. 1960 मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. या पट्ट्यात वारली माणूस स्वतःच्याच रानात वेठबिगार होता. मालकाने हाक मारली की आपले शेत टाकून त्याच्या शेतावर जायचे, मजुरी मागायची नाही. लग्नासाठी शंभर-दोनशे रुपये उचलले की नवरा आणि बायको दोघेही त्या मालकाकडे बांधले जात. त्यांना लग्नगडी म्हणत. कर्ज फिटत नसे, कारण ते फेडून घ्यायचेच नसे. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने 1939 च्या अहवालात या छळाची नोंद केली आहे. तो काही क्रांतिकारक नव्हता. त्याने जे पाहिले ते लिहिले.

हे मालक कोण होते? पारशी होते, इराणी होते, गुजराती वाणी होते, ब्राह्मण होते, मुसलमानही होते. माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. धर्मावरून शत्रू दाखवून देणाऱ्या पक्षाला या मुलखात शत्रू दाखवताच येत नव्हता. वारल्याच्या पाठीवर उठलेला चाबकाचा वळ कोणत्या धर्माच्या हाताचा आहे, हे वारल्याला माहीत होते, आणि सगळ्या हातांचा वळ सारखाच उठतो हेही त्याला माहीत होते. हिंदू मालकाकडे वेठ कमी आणि बिगरहिंदूकडे जास्त, असे काही नव्हते. मग हिंदू म्हणून एक व्हा, ही हाक त्याच्यापर्यंत पोचणार कशी? एक कुणाशी व्हायचे? लग्नाच्या कर्जात ज्याने बांधून ठेवले त्याच्याशी?

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला कम्युनिस्टांच्या किसान सभेची परिषद झाली. तिथे डहाणू-उंबरगावचे काही मोजके वारली आले. मग सभेचे कार्यकर्ते गोदावरी आणि शामराव परुळेकर या भागात शिरले. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावात सुमारे 5 हजार वारली जमले आणि त्यांनी ठरवले: वेठ करायची नाही, मजुरी रोख घ्यायची, मालकाच्या शेतात फुकट राबायचे नाही. लग्नगडी मोकळे झाले. या मुक्तीसाठी कुठला कायदा झाला नव्हता. लोकांनी काम थांबवले आणि ते पाड्यापाड्यांतून एकमेकांना सांगितले. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. वारली ज्यांना गोदाराणी म्हणत त्या गोदावरीबाईंच्या नावाने खोटा निरोप पसरवून माणसे तिथे गोळा केली गेली होती. जेठ्या गांगड आणि त्याचे 4 साथी मारले गेले. गोदावरीबाईंनी हे सारे पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या 1970 च्या पुस्तकात लिहिले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी मध्यमवर्गाने ते पुस्तक आत्मकथन म्हणून वाचले. राजकीय पुस्तक म्हणून ते वाचायचे राहूनच गेले, असे मला फार वाटते.

या उठावाच्या थोडे आधी मुंबईत समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये आदिवासींना मागासलेले हिंदू ठरवणारा ग्रंथ लिहीत होते. तो 1943 मध्ये प्रसिद्ध झाला. वारल्यांचे देव हिरवा, वाघोबा, कणसरी. लग्न लावणारी धवलेरी बाई असते. चैत्री पुनवेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जत्रेला जाणारा हा माणूस कोणत्या रकान्यात बसवायचा, हा वाद विद्यापीठाला महत्त्वाचा होता. रानात तो प्रश्न कुणी विचारत नव्हते. तिथला प्रश्न होता गवत कापण्याची मजुरी किती.

1957 मध्ये ठाण्यातून शामराव परुळेकर लोकसभेवर गेले. 1977 मध्ये डहाणूतून लहानू कोम गेले. महासभेचा माणूस इथून कधी लोकसभेत गेला नाही. कडव्या राष्ट्रवादाचा पहिल्या तऱ्हेचा पराभव म्हणतात तो हा. कुणी व्याख्यान देऊन तो केला नाही. इथे लोकांना आपला शत्रू आपल्या अनुभवातून कळला, आणि तो अनुभव मांडायला भाषा आणि संघटना मिळाली. म्हणून दुसऱ्याने दाखवलेला शत्रू त्यांना लागला नाही.

याच काळात तो विचार इतरत्र घर बदलत होता. श्यामाप्रसाद मुखर्जी महासभा सोडून 21 ऑक्टोबर 1951 रोजी जनसंघ स्थापन करून मोकळे झाले. गोंड्याहून निवडून आलेल्या शकुंतला नायर यांचे पती के. के. नायर हे 1949 च्या डिसेंबरात अयोध्येच्या मशिदीत मूर्ती ठेवल्या गेल्या तेव्हा फैजाबादचे जिल्हाधिकारी होते. तेच 1967 मध्ये बहराइचहून जनसंघाचे खासदार झाले. एका घरात पंधरा वर्षांत पक्ष बदलला, मुद्दा तोच राहिला. 1989 मध्ये गोरखपूरचे महंत अवैद्यनाथ महासभेच्या तिकिटावर लोकसभेत गेले आणि 1991 मध्ये भाजपच्या. त्या एका पक्षांतरानंतर महासभेजवळ देण्यासारखे काही उरले नाही. तिचा विचार आता दुसऱ्याच्या मालकीचा झाला होता आणि तिथे त्याची फार चांगली निगा राखली जात होती.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. ब्रिटनमध्ये नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाने 1979 मध्ये 303 उमेदवार उभे केले आणि सगळ्यांची अनामत रक्कम जप्त झाली. लोकशाही जिंकली, असे तेव्हा म्हटले गेले. पण त्याआधी वर्षभर मार्गारेट थॅचर यांनी दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत परक्या संस्कृतीच्या लोंढ्याची भीती बोलून दाखवली होती, आणि फ्रंटचे मतदार हुजूर पक्षाकडे वळले होते. पुढे ब्रिटिश नॅशनल पार्टी आली. 2009 मध्ये तिचे दोन खासदार युरोपीय संसदेत गेले, 2010 मध्ये तिला साडेपाच लाखांहून जास्त मते पडली, आणि 2015 मध्ये साऱ्या देशातून मिळून 1,667. तिचे मतदार युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या युकिप या पक्षाकडे गेले आणि वर्षभरानंतर सार्वमताने ब्रेक्झिटचा कौल दिला. मात्र त्याच पक्षाची पूर्व लंडनच्या बार्किंगमधली कहाणी वेगळी आहे. तिथे 2006 मध्ये त्याचे 12 नगरसेवक होते. 2010 मध्ये एकही राहिला नाही, कारण विरोधकांनी दारोदार जाऊन घरांच्या टंचाईबद्दल लोकांचे ऐकून घेतले आणि त्यावर काम करण्याचा शब्द दिला. ते झरीच्या वाटेवरचे यश होते. 2015 चे आकडे मात्र बदलीचे होते. दोन्हींना एकाच शब्दाने पराभव म्हटले की पुढचे काही दिसेनासे होते.

आणि डहाणू-तलासरीतसुद्धा गोष्ट झरीपाशी थांबली नाही. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात कल्याणचे माधवराव काणे विश्व हिंदू परिषदेच्या कामासाठी तलासरीत येऊन राहिले आणि तिथे आदिवासी मुलांचे वसतिगृह उभे राहिले. महासभेचे पुढारी जे कधी करू शकले नव्हते ते या माणसाने केले. तो मुक्कामाला आला. मुलांना जेवू घातले, शिकवले, आजारपणात उशाशी बसला. तलासरी तालुक्यातल्या कवाड्याचे चिंतामण वनगा याच वसतिगृहात शिकले, वकील झाले, आणि 1996, 1999 आणि 2014 मध्ये भाजपचे खासदार झाले. साधे राहणारा, आपल्या माणसांत वावरणारा तो नेता होता, असे त्यांचे विरोधकही म्हणत. 30 जानेवारी 2018 रोजी त्यांचे निधन झाले, आणि मेमधल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या मुलाला शिवसेनेने उभे केले, भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना. एकाच विचाराचे दोन पक्ष वनग्यांच्या वारशासाठी एकमेकांशी भांडले. महासभेला जिथे कुणी विचारत नव्हते, तिथे सत्तर वर्षांनी तिचा विचार पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर होता.

डाव्या मित्रांना माझे सांगणे आहे की या वसतिगृहाकडे कावा म्हणून पाहू नका. ज्या मुलाला तिथे पहिल्यांदा दोन वेळचे जेवण आणि वही मिळाली, त्याची कृतज्ञता खोटी नाही. याच मुलखात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला गुराख्यांच्या पोरांसाठी कुरणशाळा चालवल्या, बालवाडीचा पाया घातला. त्यांच्यामागे मोठी राजकीय संघटना नव्हती, म्हणून त्यांचे काम बालशिक्षणाच्या इतिहासात राहिले आणि सत्तेच्या इतिहासात आले नाही. लाल बावट्याने जमीन मिळवून दिली, मजुरी वाढवून दिली, पण मुलाच्या रात्रीच्या अभ्यासाकडे त्याचे तितके लक्ष गेले नाही. भूमिसेना आणि कष्टकरी संघटना या 1970 च्या दशकातल्या आदिवासी संघटनांशी त्याचे वागणे अनेकदा वैराचे राहिले. आपलेच असलेले मित्र दूर लोटले गेले आणि त्या रिकाम्या जागेत दुसरे आले.

पण वसतिगृहाच्या यशाबद्दलही एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो मी ठामपणे विचारतो. त्या वाटेने एकेक मुलगा वर आला. पाडा वर आला का? 2006 चा वनहक्क कायदा झाला, जंगलदावे भरले गेले, वर्षानुवर्षे कचेऱ्यांत पडून राहिले. त्या दाव्यांसाठी मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत रक्ताळलेल्या पायांनी चालत जी माणसे आली, त्यांच्या हातात पुन्हा लाल बावटाच होता. 2019 आणि 2024 मध्ये डहाणूतून विधानसभेवर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. दोन्ही वेळा राज्यातले पक्षाचे एकमेव आमदार. 2024 मध्येच याच भागाने लोकसभेवर भाजपचे हेमंत सवरा पाठवले. एकच मतदार दोन बाजूंना दोन वेगळ्या कामांसाठी बोलावतो आहे. दिल्लीला पाठवायचा एक, तहसील कचेरीत भांडायचा दुसरा. यात मला गोंधळ दिसत नाही. त्या माणसाचा हिशेब पक्का आहे.

16 एप्रिल 2020 च्या रात्री टाळेबंदीत डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावी जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला ठार मारले. चोर आणि मुले पळवणारे फिरतात, अशा अफवा आठवडाभर फिरत होत्या. त्या क्रौर्याला कसलीही सबब नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ज्यांनी कधी डहाणूचा नकाशा पाहिला नव्हता, त्यांनी त्या घटनेला धर्मयुद्ध ठरवले. राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या 101 जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही, हे सांगावे लागले. तलवाड्याला खोट्या निरोपाने माणसे मेली. पंच्याहत्तर वर्षांनी त्याच तालुक्यांच्या पट्ट्यात अफवेनेच माणसे मारली, आणि तिच्यावर दुसरी अफवा चढवली गेली. महासभेला 1945 मध्ये इथे शत्रू दाखवता आला नव्हता. आता तो बाहेरून, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून दाखवता येतो, त्यासाठी इथे कार्यकर्ता लागत नाही. हा बदल मला वसतिगृहापेक्षा कितीतरी अधिक चिंतेचा वाटतो.

पण ज्या प्रश्नावर महासभा मुकी झाली होती, तो तिच्या वारसांपुढे आता स्वतःच येऊन उभा आहे. 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. 1996 पासून त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण होते, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हयातीच्या शेवटपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. त्यांच्या पश्चात याच प्राधिकरणाने 2023 मध्ये वाढवण बंदराला ना-हरकत दिली. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटींच्या त्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ऑगस्टच्या 30 तारखेला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. मच्छीमार काळे झेंडे घेऊन उभे होते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग तलासरी-डहाणूच्या शेतांतून चालले आहेत. प्रत्येक वेळी सांगितले जाते, की राष्ट्रासाठी जमीन द्या. 1945 मध्ये मालक जमीन घेत होता, तेव्हा राष्ट्राचे नाव मध्ये नव्हते. आज आहे. आणि जी विचारसरणी राष्ट्राला सर्वांत वर ठेवते तिच्यापाशी कवाड्याच्या आणि झरीच्या शेतकऱ्याला द्यायला मोबदल्याच्या आकड्यापलीकडे काय आहे, याचे उत्तर तिला इथल्या ग्रामसभांत, आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना पेसा कायद्याने दिलेल्या अधिकारासमोर उभे राहून द्यावे लागेल. ते उत्तर देण्याआधी जमिनीचे ठराव मागू नयेत, आणि ग्रामसभांनी ते मिळेपर्यंत ठराव देऊ नयेत.